स्विमिंग पूलचा पंप रोज किती तास चालवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बंगला, फार्महाऊस, भाड्याने जाणारा व्हिला आणि लहान-मध्यम सोसायटी यांच्या पूलबद्दल आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच पूल धरला आहे: १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, उथळ बाजूला ०.९ मीटर आणि खोल बाजूला १.८ मीटर. आपल्या पूलचे आकडे घालून तोच हिशेब करावा.

आधी आकडा सांगा. किती तास?

घरगुती पूल असेल तर उन्हाळ्यात ६ ते ८ तास, पावसाळ्यात ५ ते ६, आणि पुणे-नाशिककडच्या थंडीत ३ ते ४. सोसायटीच्या पूलमध्ये माणसं पाण्यात असेपर्यंत पंप चालूच हवा आणि शेवटचा माणूस बाहेर आल्यावर आणखी २ तास. मात्र हे आकडे पंप आणि फिल्टर एकमेकांच्या मापाचे असतील आणि पाण्यात क्लोरीन टिकत असेल तरच खरे. बहुतेक तक्रारींत या दोनपैकी एक गोष्ट बिघडलेली असते आणि त्यावर उपाय म्हणून पंपाचे तास वाढवलेले असतात.

आमच्या पूलमध्ये पाणी किती आहे ते कसं काढायचं?

लांबी × रुंदी × सरासरी खोली. उतार एकसारखा असेल तर दोन टोकांच्या खोलीची बेरीज करून निम्मी करायची: (०.९ + १.८) ÷ २ = १.३५ मीटर. मग १० × ५ × १.३५ = ६७.५ घनमीटर, म्हणजे ६७,५०० लिटर. खोली टाइल्सच्या काठापासून मोजू नका, पाण्याच्या पातळीपासून मोजा. ओव्हरफ्लो पूल असेल, म्हणजे पाणी काठावरून वाहून बॅलन्सिंग टँकमध्ये जमत असेल, तर त्या टँकमधलं पाणीही यात धरा.

सगळं पाणी एकदा फिल्टरमधून फिरायला किती वेळ लागतो?

पाण्याचं आकारमान भागिले पंपाचा ताशी प्रवाह. यालाच टर्नओव्हर म्हणतात. आपल्या उदाहरणातला पंप ताशी १३.५ घनमीटर देत असेल तर ६७.५ ÷ १३.५ = ५ तास. घरगुती पूलसाठी ६ ते ८ तासांचा टर्नओव्हर पुरतो, सोसायटीसाठी ४ ते ६ तास धरावेत. लहान मुलांच्या उथळ पूलसाठी १ तास किंवा त्याहून कमी, कारण पाणी थोडं, गरम आणि त्यात मुलं काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एक टर्नओव्हर झाला म्हणजे प्रत्येक थेंब फिल्टरमधून गेला असं होत नाही. फिल्टर झालेलं पाणी परत त्याच पूलमध्ये येऊन मिसळतं, त्यामुळे एका टर्नओव्हरमध्ये जेमतेम ६३ टक्के पाणी प्रत्यक्ष फिल्टर होतं. दोन टर्नओव्हरला ८६ टक्के, तीनला ९५ टक्के. तिसऱ्या फेरीचा खर्च पहिलीइतकाच आणि फायदा फक्त ९ टक्क्यांचा. म्हणून घरगुती पूलला रोज एक ते दीड टर्नओव्हर बस्स होतो. वापर जास्त झाला तर दोन.

पंपाच्या पाटीवर ताशी १८ घनमीटर लिहिलंय. तोच आकडा धरायचा ना?

नाही. पाटीवरचा प्रवाह बहुतेक वेळा कमी हेडवरचा (हेड म्हणजे पंपाला पेलावा लागणारा दाब, मीटरमध्ये मोजलेला), म्हणजे पंपावर फारसा भार नसतानाचा असतो. तुमच्या पंपाला पाइप, एल्बो, फिल्टरमधली वाळू आणि मल्टिपोर्ट व्हॉल्व (दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारा) यांतून पाणी ढकलायचं असतं. खरा प्रवाह काढायचे तीन मार्ग आहेत.

पहिला: रिटर्न लाइनच्या (फिल्टरकडून पूलकडे परत जाणाऱ्या पाइपच्या) सरळ भागावर फ्लो मीटर बसवणं. सगळ्यात सोपा आणि पंप रूममधला सगळ्यात उपयोगी खर्च. तरीही नवीन पूल बांधताना नेमका हाच वगळला जातो.

दुसरा: प्रेशर गेज वाचणं. १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे साधारण १० मीटर हेड. फिल्टरवर ०.८ दिसत असेल तर ८ मीटर. सक्शनच्या, म्हणजे पूलमधून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या, बाजूचे मीटर त्यात मिळवायचे. तिथे गेज नसेल तर २ ते ३ मीटर धरा. एकूण आले साडेदहा मीटर. आता कंपनीच्या पंप-आलेखावर साडेदहा मीटरसमोर किती प्रवाह दाखवलाय ते पाहा.

तिसरा मार्ग बॅलन्सिंग टँक असलेल्यांसाठी. पंप बंद करा, ओव्हरफ्लोचं पाणी टँकमध्ये येऊन थांबू द्या, टँक भरणारा नळ बंद करा. मल्टिपोर्टचा दांडा वेस्टवर (पाणी थेट बाहेर सोडणाऱ्या वाटेवर) ठेवून पंप बरोबर १ मिनिट चालवा आणि टँकची पातळी किती उतरली ते मोजा. टँक २ × १.५ मीटर असेल आणि पातळी ८ सेंटिमीटर उतरली तर २ × १.५ × ०.०८ = ०.२४ घनमीटर एका मिनिटात, म्हणजे ताशी १४.४. वेस्टवर पाणी वाळूतून जात नाही, त्यामुळे आकडा थोडा फुगतो. दहा टक्के कमी करून घ्या.

स्किमर पूलमध्येही (जिथे काठाजवळच्या स्किमरच्या तोंडातून पाणी आणि कचरा ओढला जातो) हे जमतं, पण ५० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ३ मिनिटांत जेमतेम दीड सेंटिमीटर फरक पडतो. वाऱ्याने पाणी हलत असेल तर तो मोजणं कठीण.

दीडऐवजी तीन एचपीचा पंप लावला तर निम्म्या वेळात काम होईल?

वीज जास्त जाईल आणि पाणी उलट खराब होईल. सँड फिल्टरला मर्यादा असते: वाळूच्या दर चौरस मीटरमागे ताशी ३० ते ५० घनमीटर. ५०० मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरचं क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, म्हणजे कमाल ताशी सुमारे ९.८ घनमीटर. ६०० मिलिमीटरला सुमारे १४. याहून जास्त पाणी ढकललं की ते वाळूत वाटा पाडून निघून जातं आणि बारीक गाळ पलीकडे पूलमध्ये परत येतो. पंप बदलण्याआधी फिल्टरचा व्यास मोजा.

पाइपचंही तसंच. ६३ मिलिमीटरच्या सक्शन लाइनमधून ताशी १४ घनमीटरच्या आसपास पाणी सुखाने येतं. त्यापुढे पंप ओढत राहतो, पाणी पुरत नाही, आणि आतून खडे फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो. तो आवाज म्हणजे इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) झिजतोय.

पाण्याच्या तापमानाच्या निम्मे तास, हा नियम बरोबर आहे का?

हा युरोपात चालणारा ठोकताळा आहे. २८ अंश पाणी असेल तर १४ तास. गरम पाण्यात शेवाळ लवकर धरतं आणि क्लोरीन लवकर संपतं, एवढं त्यात खरं आहे. पण तुमचा पंप किती पाणी देतो हे त्या नियमाला माहीतच नाही. कोकणात आणि गोव्यात पाणी वर्षातले बरेच महिने २८ ते ३० अंशांवर असतं. तिथे हा नियम पाळला तर वर्षभर १४-१५ तास पंप चालवावा लागेल, आणि ज्याचं टर्नओव्हर ५ तासांत होतं त्याची त्यातली बरीच वीज वाया जाईल. तास वाढवायचे की कमी करायचे, इतकीच दिशा त्यातून घ्यावी.

मग आमच्या पूलचे नेमके तास कसे ठरवायचे?

दीड टर्नओव्हरपासून सुरुवात करा. उदाहरणातल्या पूलला साडेसात तास. त्या काळात मुक्त क्लोरीन (अजून कामाला शिल्लक असलेलं) १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६ च्या आत धरून ठेवा. आठवडाभर पाणी काचेसारखं राहिलं तर १ तास कमी करा. पुन्हा आठवडा थांबा, पुन्हा १ तास कमी. खूण एकच: काठावर उभं राहून खोल बाजूच्या मेन ड्रेनच्या (तळाच्या निचऱ्याच्या) जाळीचे स्क्रू वेगवेगळे दिसले पाहिजेत. ज्या आठवड्यात ते धूसर होतील, तिथून १ तास परत वाढवा आणि थांबा. त्या ऋतूपुरते तुमचे तास ठरले.

क्लोरीन खालीवर होत असताना ही चाचणी करू नका. पाणी गढूळ झालं ते तासांमुळे की क्लोरीनमुळे, हे कळणारच नाही.

पंप १२ तास चालवतो, तरी पाणी हिरवं होतं. असं का?

पंप शेवाळ मारत नाही. ते काम क्लोरीनचं. आपल्याकडे या तक्रारीमागचं नेहमीचं कारण टीसीसीए हे असतं, म्हणजे त्या ९० टक्क्यांच्या गोळ्या किंवा दाणे. ते विरघळताना क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिडही सोडतात. हे ॲसिड थोडं असेल तर चांगलं, उन्हापासून क्लोरीनला वाचवतं; ३० ते ५० पीपीएम हवंच. पण क्लोरीन उडून जातं आणि हे ॲसिड पाण्यातच साठत जातं.

उदाहरणातल्या पूलला रोज १५० ग्रॅम टीसीसीए टाकलं तर २ पीपीएम क्लोरीन मिळतं आणि सायन्युरिक ॲसिड रोज सुमारे १.२ पीपीएमने वाढतं. महिन्यात ३५, तीन महिन्यांत शंभरीपार. तिथे क्लोरीन किटवर दिसतं, पण इतकं सुस्त झालेलं असतं की शेवाळ वाढतच राहतं. बॅकवॉशमध्ये (वाळू धुवायला फिल्टरमधून उलटं पाणी सोडताना) जेवढं पाणी बदलतं तेवढंच ते कमी होतं. वाळूत ते अडकत नाही. निम्मं पाणी बदललं तर निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये टँकरच्या भावाने हे परवडत नाही, म्हणून आधीच काळजी घ्या: ५० पीपीएमपर्यंत टीसीसीए, त्यापुढे द्रव सोडियम हायपोक्लोराइट. १० टक्क्यांचं ताजं हायपो असेल तर या पूलला १ पीपीएमसाठी साधारण ६०० ते ७०० मिलिलिटर लागतं. कॅन सावलीत ठेवा, उन्हात त्याचा जोर झपाट्याने उतरतो.

ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती बादलीत कालवून चुना खाली बसू द्या आणि वरची निवळ ओता. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर एकाच बादलीत, एकाच मापाने, एकाच फीडरमध्ये कधीही नको. कोरडी एकत्र आली तरी पेट घेऊ शकतात.

क्लोरीन नेमकं खर्च कशात होतंय, उन्हात की घाणीत?

सूर्यास्तानंतर मुक्त क्लोरीन मोजा, दुसऱ्या दिवशी ऊन येण्याआधी पुन्हा मोजा. रात्री पाण्यात कोणी उतरलेलं नको. फरक १ पीपीएमपर्यंत असेल तर पाणी स्वच्छ आहे आणि दिवसा जातंय ते उन्हामुळे. पंपाचे तास वाढवून उपयोग नाही. रात्रीतच २-३ पीपीएम गेलं तर पाण्यात शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे. मग क्लोरीनचा मोठा डोस आणि पाणी निवळेपर्यंत पंप २४ तास. एक सूचना: पिवळा रंग देणारं ओटीओ किट एकूण क्लोरीन दाखवतं, मुक्त नव्हे. या चाचणीला गुलाबी रंगाचं डीपीडी किट लागतं.

दिवसा चालवावा की रात्री?

पोहण्याच्या वेळी पंप चालू असावा, हे पहिलं. बाकीचे तास दोन तुकड्यांत वाटा: सकाळी ३-४, संध्याकाळी क्लोरीन टाकल्यापासून ३-४. संध्याकाळी टाकलेल्या क्लोरीनला रात्रभर ऊन लागत नाही, आणि औषध सगळीकडे पोहोचायला पंप निदान दोन तास हवा. पूलभोवती झाडं असतील तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत वाऱ्याच्या वेळेला एखादा तास राखून ठेवा. स्किमर पंप चालू असतानाच पान ओढतो, नंतर ते तळाला जाऊन कुजतं.

छतावर सोलर असेल तर दिवसाचे तास घ्या. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेनुसार दर लावणारा) असेल तर कोणत्या वेळेला सवलत आणि कोणत्या वेळेला जादा आकार आहे ते बिलावर पाहून टायमर लावा. तुकडे दोन-तीनच करा. मोटरला दर अर्ध्या तासाला चालू-बंद करणं मानवत नाही.

सॉल्ट क्लोरिनेटर आहे. त्याचे तास वेगळे?

हो, आणि ते टर्नओव्हरवरून काढायचे नाहीत. त्यातला सेल पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवतो, पण पंप चालू असतानाच. या पूलला दिवसाला ३ पीपीएम लागत असेल तर ६७.५ × ३ = सुमारे २०० ग्रॅम. सेल ताशी २५ ग्रॅमचा असेल तर ८ तास, १५ ग्रॅमचा असेल तर साडेतेरा. लहान सेल विकत घेऊन वाचवलेले पैसे असे विजेच्या बिलातून परत जातात. पावसाळ्यात मीठ पातळ होतं, सेलचं उत्पादन घसरतं; पाऊस ओसरल्यावर मीठ मोजून घाला.

महिन्याला किती वीज लागते?

१ एचपी पंप प्रत्यक्षात ताशी साधारण १ युनिट घेतो, दीड एचपी सुमारे दीड. खात्री हवी तर घरातलं बाकी सगळं बंद करून तासभर पंप चालवा आणि मीटरचे दोन आकडे वजा करा. १ एचपी रोज ५ तास म्हणजे महिन्याला १५० युनिट, १० तास म्हणजे ३००. घरगुती जोडणीवर महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे पंपाची युनिट घरच्या वापरावर चढून वरच्या, महागड्या दराने मोजली जातात. कमी केलेला प्रत्येक तास त्याच वरच्या दराने वाचतो.

व्हेरिएबल स्पीड पंप खरंच वीज वाचवतो का?

वाचवतो, भरपूर. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण वीज हिशेबाने आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात मोटर आणि ड्राइव्हचा ऱ्हास धरून पाचवा-सहावा हिस्सा धरा. पाच तासांचं काम दहा तासांत होतं, पण ५ युनिटऐवजी २ युनिटच्या आत. शिवाय पाणी वाळूतून सावकाश गेल्याने गाळ जास्त पकडला जातो.

अडचणीही आहेत. निम्म्या वेगात स्किमरची ओढ मंदावते, सॉल्ट सेलचा फ्लो स्विच लागत नाही, बॅकवॉश तर होतच नाही. म्हणून रोज १-२ तास पूर्ण वेग ठेवायचा. जुन्या पंपावर व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवायचा असेल तर मोटर थ्री-फेज हवी; कपॅसिटरवाली सिंगल-फेज मोटर साध्या व्हीएफडीवर चालत नाही, जळते.

बॅकवॉश रोज करायचा का?

नको. फिल्टर स्वच्छ असतानाचं प्रेशर मार्करने गेजवर लिहून ठेवा, ते ०.५ ते ०.७ किलोने वाढलं की बॅकवॉश. किंचित मळलेली वाळू बारीक गाळ जास्त चांगला पकडते, आणि एका तीन मिनिटांच्या बॅकवॉशला ७०० लिटर पाणी जातं. उलट, वाढलेलं प्रेशर तसंच ठेवलं तर प्रवाह १३.५ वरून १० वर येतो आणि पाच तासांचं टर्नओव्हर पावणेसात तासांचं होतं. टायमर मात्र पाच तासांवरच असतो.

मल्टिपोर्टच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, मग ३० सेकंद ते १ मिनिट रिन्स (उरलेलं गढूळ पाणी बाहेर सोडणं), मग फिल्टर. प्रत्येक वेळी दांडा फिरवण्याआधी पंप बंद. चालू पंपावर दांडा फिरवला की आतलं स्पायडर गॅस्केट निघतं. त्याचं लक्षण म्हणजे फिल्टरवर असतानाही वेस्टच्या पाइपमधून पाणी झिरपत राहणं आणि पूलची पातळी रोज उतरणं.

तुरटी टाकल्यावर पंप चालू ठेवायचा की बंद?

आधी पीएच पाहा. तुरटीने तो आणखी उतरतो, म्हणून ७.२ च्या खाली असेल तर आधी वर आणा. तुरटीचं पाणी पूलभर टाका, मल्टिपोर्ट रिसर्क्युलेटवर (पाणी फिल्टरला वगळून फिरतं) ठेवून साधारण अर्धा तास फिरवा, मग पंप पूर्ण बंद करून रात्रभर पाणी स्थिर ठेवा. सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने थेट वेस्टवर काढा. फिल्टरवर काढला तर वाळूत चिखलाचे गोळे होतात.

टायमर लावलाय, तरी पंप कधी कधी चालूच होत नाही.

बहुतेक वेळा मधेच लाइट गेलेली असते. हिरव्या-लाल बटणाचा डीओएल स्टार्टर वीज गेली की सुटतो आणि परत आल्यावर कोणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत सुटलेलाच राहतो. टायमर थेट कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला जोडून घ्या, ओव्हरलोड रिले मात्र ठेवा. खुंट्यांचा यांत्रिक टायमर बॅटरीविना असेल तर दर वेळी वीज गेली तेवढा मागे पडतो. खेड्यात महिन्याभरात सकाळचा पंप दुपारी सुरू होऊ लागतो. बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्या. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग यांत तडजोड नको.

शनिवार-रविवार व्हिला भरलेला असतो. वेगळं वेळापत्रक हवं?

हवं. लोणावळा, कर्जत, अलिबागच्या व्हिलात आठवडाभर रिकाम्या पूलमध्ये दोन दिवसांत १५-२० माणसं उतरतात. सनस्क्रीन, केसांचं तेल, सांडलेली पेयं सगळं पाण्यात. शुक्रवारी संध्याकाळी पंप सुरू करा आणि सोमवारी सकाळपर्यंत बंद करू नका, रात्री क्लोरीन ३ पीपीएमपर्यंत न्या. मंगळवार ते शुक्रवार एक टर्नओव्हर पुरे. धुळवडीला रंग लावून पूलमध्ये उतरू देऊ नका. कोरडा रंग वाळूत बसतो, आणि पुढचे दोन दिवस पंप आणि बॅकवॉशशिवाय दुसरं काम उरत नाही.

पावसाळ्यात कोणी पोहत नाही. बंद ठेवला तर?

पावसाचं पाणी क्लोरीन पातळ करतं, माती आणि पानं आणतं, आणि जुलैतही पाणी शेवाळाला पुरेसं कोमट असतं. एक टर्नओव्हर रोज हवाच. पंप रूम जमिनीखाली असेल तर तिथला सम्प पंप (साचलेलं पाणी उपसणारा) जूनच्या आधी तपासा; मोटर एकदा पाण्याखाली गेली की वाइंडिंग गेलं.

बुडबुडे येताहेत. पंप चालवत राहू का?

रिटर्नमधून सतत बुडबुडे म्हणजे सक्शनकडे हवा घुसतेय. पूलची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यावर आहे का, बास्केटच्या झाकणाची ओ-रिंग तडकली आहे का, बास्केट भरली आहे का, या क्रमाने बघा. टायमरवर सोडून जाऊ नका. कोरडा फिरलेला पंप काही मिनिटांत मेकॅनिकल सील जाळतो, आणि मग मोटरकडे गळती सुरू होते.

महिनाभर बाहेरगावी जायचं आहे.

पूल रिकामा करू नका. भूजल वर असेल तर रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, टाइल्स निघतात. टायमरवर रोज एक टर्नओव्हर आणि फ्लोटिंग फीडरमध्ये गोळ्या ठेवा. आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन बास्केट, पातळी आणि प्रेशर बघेल अशी सोय करा. ज्या पूलचा पंप बंद आणि क्लोरीन शून्य, तिथे आठ-दहा दिवसांत डासाच्या अंड्याचा डास होतो, आणि डेंग्यूच्या हंगामात तपासणीला आलेले आरोग्य कर्मचारी पूल घरगुती आहे म्हणून सोडत नाहीत.